पावसाळ्यात लॅपटॉपवर दुसऱ्या सूर्याचा ग्रह कसा काढायचा

जूनमध्ये पाऊस लागला की आमची आठ इंची दुर्बीण चादरीत गुंडाळून कपाटावर जाते ती थेट नवरात्राच्या सुमारास खाली येते, पुण्यात आकाश बघणाऱ्या बहुतेकांचं हेच. त्या चार महिन्यांत घरबसल्या करण्यासारखी एक गोष्ट मला सापडली आणि ती मी आता जो भेटेल त्याला सांगत असतो, म्हणून एकदा नीट लिहूनच काढतो. दुसऱ्या ताऱ्याभोवती फिरणाऱ्या ग्रहाचा फोटो आपल्या हाताने काढायचा. चित्रकाराने रंगवलेला नाही, त्या ग्रहाच्या स्वतःच्या उजेडाचा ठिपका. डेटा चिलीतल्या ८.२ मीटरच्या व्हीएलटी दुर्बिणीचा आहे आणि तो फुकट मिळतो, पण ताऱ्याच्या झगझगाटातून ग्रह बाहेर काढायचं काम सगळं आपलं. साधा लॅपटॉप, पायथनची तोंडओळख आणि एक मोकळा रविवार एवढं पुरतं.

पण लॅपटॉप उघडायच्या आधी रात्री सोसायटीच्या पार्किंगमध्ये जा. हे टाळू नका, पुढचं सगळं यावर उभं आहे. स्कूटर स्टँडवर लावून हेडलाइट चालू करा, कुणालातरी पेटलेली उदबत्ती हेडलाइटच्या कडेपासून वीतभर अंतरावर धरायला सांगा आणि तुम्ही समोर वीस पावलं लांब जाऊन उभे राहा. मी भाच्याला उभं केलं होतं. "मामा, दिसतेय का?" "नाही रे." "अजून बाहेर घेऊ?" "नको, तिथेच धर." मग मी एक डोळा मिटला, हात पूर्ण लांब केला आणि करंगळीने फक्त हेडलाइट झाकला, तर उदबत्तीचं लालभडक टोक शेजारी टक्क दिसलं. ते आधीही तिथेच होतं आणि तेवढंच उजळ होतं. हेडलाइटचा उजेड डोळ्यात पसरून त्याला गिळत होता इतकंच. आता एक करा, करंगळीच्या कडेने जी पांढरट झाक उरते ती नीट बघा, मग चष्मा असेल तर स्वच्छ पुसून परत बघा. झाक कमी होते, पण पूर्ण जात नाही.

हेच ते कोरोनाग्राफ नावाचं उपकरण. १९३० च्या आसपास बर्नार लियो या फ्रेंच शास्त्रज्ञाने ग्रहण नसताना सूर्याची प्रभा बघायला ते बनवलं, आणि त्याचं खरं डोकं सूर्य झाकण्यात नव्हतं, झाकल्यावर उरणारी ती झाक ओळखण्यात होतं. भिंगाच्या कडेवर प्रकाश वळतो आणि आत पसरतो, मग त्याने पुढे आणखी एक झडप बसवली जी फक्त ती कडेची किनार अडवते. आजही बहुतेक कोरोनाग्राफमध्ये ती असते आणि तिला लियो स्टॉप म्हणतात. आपल्या आदित्य-एल१ या सूर्य अभ्यासणाऱ्या यानावरचं व्हीईएलसी हे कोरोनाग्राफच आहे (त्याच यानावरची स्यूट ही अतिनील दुर्बीण आपल्या आयुकाची, म्हणजे पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या खगोलसंस्थेची, हे पुणेकराने सांगितल्याशिवाय राहवत नाही).

ज्या ताऱ्यावर आपण हात बसवणार तो बीटा पिक्टोरिस, ६३ प्रकाशवर्षं लांब, वय दोन-अडीच कोटी वर्षं म्हणजे ताऱ्यांच्या हिशोबात तान्हं बाळ. १९८४ मध्ये ब्रॅडफर्ड स्मिथ आणि रिचर्ड टेरिल यांनी कोरोनाग्राफ लावून याच्याभोवतीची धुळीची तबकडी पहिल्यांदा फोटोत पकडली होती. ग्रहाचं नाव बीटा पिक्टोरिस बी, गुरूच्या साधारण दहापट वजनाचा आणि अजून जन्माच्या उष्णतेने तापलेला, दीड हजार अंशांच्या वर. आपल्या फोटोत तो ताऱ्यापासून साधारण ०.४५ आर्कसेकंदावर आहे (आर्कसेकंद म्हणजे एका अंशाचा ३६०० वा भाग). हा आकडा नुसता वाचून काही कळत नाही, म्हणून असं समजा की तुम्ही सिंहगडावर उभे आहात आणि पर्वतीवर एक दिवा लावलाय, हवेतून अंतर साधारण सतरा किलोमीटर, आणि त्या दिव्यापासून चार सेंटीमीटरवर, म्हणजे जेमतेम दोन बोटांवर, एक काजवा बसलाय. तो काजवा वेगळा दाखवायचाय.

लोकांना वाटतं यासाठी झूम लागतो. झूमने काजवा मोठा होतो तसा दिवाही मोठा होतो, हाती काही येत नाही. लागतं ते उजेड काढून टाकणं, आणि तो एका झटक्यात निघत नाही, थरांमागून थर काढावा लागतो.

पहिला थर म्हणजे प्रकाश कुठला घ्यायचा ते. डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशात आपला गुरू सूर्याच्या अब्जाव्या भागाइतका आणि पृथ्वी दहा अब्जाव्या भागाइतकी उजळ आहे, तिथे आजच्या जमिनीवरच्या दुर्बिणींचं काही चालत नाही. पण तरुण तापलेला ग्रह अवरक्तात स्वतःच चमकतो. आपला डेटा ३.८ मायक्रॉनचा आहे आणि तिथे बीटा पिक्टोरिस बी ताऱ्यापेक्षा हजार-दीड हजार पट मंद आहे फक्त. अब्जावरून हजारावर आलो ते नुसता रंग बदलून. म्हणूनच आजवर ज्यांचे असे फोटो निघाले ते बहुतेक ग्रह तरुण, अवाढव्य आणि ताऱ्यापासून लांब आहेत.

दुसरा थर हवेचा. तारा लुकलुकतो तेव्हा त्याची प्रतिमा सेकंदाला शेकडो वेळा विस्कटते, ती सावरायला आरशालाच तितक्या वेळा आकार बदलावा लागतो. जेमिनी दुर्बिणीवरच्या जीपीआय उपकरणात ४०९६ सूक्ष्म दट्ट्यांचा आरसा होता, व्हीएलटीवरचं स्फिअर सेकंदाला हजाराहून जास्त वेळा आरसा हलवतं. याला अॅडॅप्टिव्ह ऑप्टिक्स म्हणतात. आयुकाने कॅल्टेकबरोबर मिळून रोबो-एओ नावाची अशीच यंत्रणा बनवली होती, माणूस न लागता आपली आपण चालणारी, आणि ती पालोमारच्या दीड मीटर दुर्बिणीवर चालली. तिसरा थर कोरोनाग्राफचा. आपला डेटा नाको या उपकरणातला, ते आता निवृत्त झालंय, त्यात ताऱ्यासमोर काळा ठिपका नव्हता तर हिऱ्याची एक चकती होती. तिच्यावर मधोमध अतिसूक्ष्म गोल चऱ्या कोरलेल्या, बरोबर मध्यातून जाणारा प्रकाश त्यांच्यामुळे भोवऱ्यासारखा बाहेर फेकला जातो आणि मग तो लियो स्टॉपवर अडतो, बाजूचा ग्रह मात्र सरळ निघून जातो.

एवढं सगळं करूनही जे उरतं ते बघितल्यावर माणूस खचतो. चला, फाइल उघडू.

लिएज विद्यापीठाच्या मंडळींनी व्हीआयपी नावाचं मोफत पायथन पॅकेज बनवलंय, पूर्ण नाव व्होर्टेक्स इमेज प्रोसेसिंग. गिटहबवर व्हीआयपी एक्स्ट्राज शोधा, त्यातल्या डेटासेटमध्ये नाको बीटापिक नावाच्या तीन फाइली आहेत: एक क्यूब, म्हणजे एकामागून एक काढलेल्या फ्रेमची चळत, एक कोनांची यादी आणि एक पीएसएफ, म्हणजे कोरोनाग्राफ बाजूला ठेवून काढलेला नुसत्या ताऱ्याचा फोटो. हा जानेवारी २०१३ चा डेटा आहे. लॅपटॉप जुना असेल तर गुगल कोलॅबवर, म्हणजे ब्राउझरमध्येच पायथन चालवणाऱ्या सेवेवर करा, काम हलकं आहे, कुठेही चालतं. पॅकेजमध्ये एका ओळीत सगळं होतं हे खरं, पण माझं कळकळीचं सांगणं आहे की पहिल्यांदा नमपाय, सायपाय आणि अॅस्ट्रोपाय या पायथनच्या नेहमीच्या लायब्ररी, एवढ्यावरच स्वतः करा, वीस-पंचवीस ओळींचं काम आहे आणि त्या ओळींतच सगळी मजा आहे.

क्यूबमध्ये ६१ फ्रेम आहेत, प्रत्येक १०१ बाय १०१ पिक्सेलची, तारा बरोबर मध्यावर आणून ठेवलेला. आधी डीएस९ या खगोलातल्या फाइली दाखवणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडून सिनेमासारखी चालवा, स्केल लॉग ठेवा. दहा मिनिटं नुसतं बघत बसा. मध्ये भगदाड, भोवती कडी, आणि सगळीकडे ठिपकेच ठिपके, प्रत्येक ठिपका हुबेहूब ग्रहासारखा. हे स्पेकल. आरशावरच्या अगदी बारीक खडबडीतपणातून ताऱ्याचाच प्रकाश इकडेतिकडे सांडतो त्याचे हे डाग, आणि ग्रह यांच्या गर्दीत कुठेतरी दडलाय.

सुटका भोंडल्यासारखी आहे. पाटावर मधोमध हत्ती काढलाय, त्याच्याभोवती एकटी मुलगी फेर धरतेय आणि तुम्ही गॅलरीतून दर दोन सेकंदांनी फोटो काढताय. सगळे फोटो एकावर एक ठेवून प्रत्येक जागेचा मध्यक (मीडियन, म्हणजे किमती क्रमाने लावल्यावर मधली येते ती) घेतला तर हत्ती आणि पाट शिल्लक राहतात, मुलगी कुठल्याच जागी जास्त वेळ नसल्यामुळे गायब होते. हा नुसता हत्तीचा फोटो प्रत्येक फोटोतून वजा करा, उरेल फक्त मुलगी, दर फोटोत वेगळ्या जागी. मग तिची फेरी उलटी फिरवून प्रत्येक फोटो असा वळवा की ती सगळ्यांत एकाच जागी येईल, आणि आता एकत्र करा. दुर्बिणीतही तेच होतं. पृथ्वी फिरते तसं या प्रकारच्या दुर्बिणीत आकाश कॅमेऱ्यासमोर गोल फिरतं, एरवी ते फिरणं यंत्राने थांबवतात, इथे मुद्दाम थांबवायचं नाही. स्पेकल दुर्बिणीचे म्हणून ते जागच्या जागी राहतात, ग्रह आकाशाचा म्हणून तो फिरतो. ख्रिस्तियान मारुआ आणि मंडळींनी २००६ मध्ये ही पद्धत मांडली आणि २००८ मध्ये याच पद्धतीने एचआर ८७९९ या ताऱ्याभोवतीचे तीन ग्रह एकदम दाखवले, चौथा २०१० मध्ये.

आता हात चालवा. क्यूबचा काळाच्या दिशेने मीडियन घ्या, म्हणजे ६१ फ्रेमची एक. ती प्रत्येक फ्रेममधून वजा करा. मग प्रत्येक फ्रेम तिच्या तिच्या कोनाने फिरवा, त्यासाठी सायपायचं रोटेट आहे, त्यात रीशेप बंद करायला विसरू नका, नाहीतर फिरवलेली प्रत्येक फ्रेम वेगळ्या मापाची होते आणि पुढे एकत्र करताना एरर येतो. १०१ ही विषम संख्या आहे म्हणून मधला पिक्सेल बरोबर ताऱ्यावर येतो, क्यूब कापून लहान करायचाच असेल तर विषमच ठेवा. शेवटी फिरवलेल्या सगळ्या फ्रेमचा परत मीडियन. चित्र काढताना मध्यापासून सहा-सात पिक्सेलचा गोल झाकून टाका, तिथला कचरा इतका उजळ असतो की त्याच्यापुढे बाकी सगळं काळं दिसतं.

उत्तर वर, पूर्व डावीकडे असेल तर मध्यापासून साधारण सतरा पिक्सेलवर, खाली उजवीकडे, एक गोल टपोरा ठिपका दिसेल, रुंदी चार-पाच पिक्सेल. या कॅमेऱ्याचा एक पिक्सेल म्हणजे ०.०२७ आर्कसेकंद, गुणून बघा, ०.४५ येतं. ठिपक्याच्या दोन्ही बाजूंना गोलाईने हलक्या काळसर मिशा दिसतात का बघा. ग्रहाचा थोडा प्रकाश मधल्या मीडियनमध्येही शिरलेला असतो आणि वजा करताना तो ग्रहालाच खातो, त्याच्या त्या खुणा.

मला पहिल्यांदा काहीही दिसलं नव्हतं. संध्याकाळी सहापासून बसलो होतो, बाहेर धो धो पाऊस, साडेदहा वाजले तरी नुसती करडी भुरभुर. क्यूब परत डाऊनलोड केला, मीडियनच्या जागी सरासरी घेऊन बघितली, काही नाही. शेवटी कोनापुढे वजा चिन्ह लावलं आणि ठिपका उभा राहिला. मी कोन उलट्या दिशेने फिरवत होतो. कोन कुठल्या दिशेने मोजायचा याची रीत प्रत्येक पॅकेजची वेगळी, त्यामुळे दोन्ही चिन्हं करून बघाच. पण गंमत अशी की ती चुकलेली आवृत्ती मी टाकून दिली नाही, आणि तुम्हीही देऊ नका. उलटे कोन लावले की खरा ग्रह पुसला जातो, कारण त्याच्या फेऱ्या जुळण्याऐवजी दुप्पट विस्कटतात, पण नुसता नॉइज मात्र तसाच्या तसा राहतो. म्हणजे फुकटात तुमच्या हाती ग्रह नसलेलं चित्र आलं. दोन्ही एकाच स्केलवर शेजारी शेजारी ठेवा. सुलट्या चित्रात जो ठिपका आहे तसा एकही उलट्या चित्रात नसेल, तरच पुढे जायचं. खरं काम करणारे लोकसुद्धा ही तपासणी करतात.

इथून पुढचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि नेमका तोच लोक सोडतात. ठिपका दिसला की स्क्रीनशॉट मारून ग्रुपवर टाकायची घाई होते, मी समजू शकतो, पण आधी तो ठिपका मोडायचा प्रयत्न करा. सम क्रमांकाच्या फ्रेम वेगळ्या, विषम वेगळ्या, दोन्हींतून स्वतंत्र चित्र काढा, ठिपका दोन्हीकडे त्याच जागी हवा. मग सतरा पिक्सेलच्या त्रिज्येवर ग्रहाच्या मापाचे गोल ओळीने मांडा, साधारण बावीस बसतात. एक ग्रहावर ठेवा, बाकीच्या गोलांतल्या प्रकाशाची सरासरी आणि विचलन काढा आणि ग्रह त्या विचलनाच्या किती पट वर आहे ते मोजा, निदान पाचपट तरी हवा. ताऱ्याच्या जसजसं जवळ जाल तसे गोल कमी बसतात आणि थोड्या गोलांवरून काढलेलं विचलन फसवं असतं, म्हणून आतल्या ठिपक्यांवर जास्त कडक व्हा. आणि खोटा ग्रह पेरून बघा: पीएसएफ फाइलमधला तारा मंद करून क्यूबच्या प्रत्येक फ्रेममध्ये खऱ्या ग्रहाच्या समोरच्या बाजूला, कोनाप्रमाणे फिरवत, मिसळा आणि सगळी कृती पुन्हा चालवा. तो किती मंद केला तरी सापडतो आणि कधी हरवतो यावरून आपली नजर कुठपर्यंत पोचते ते कळतं. माझ्या दृष्टीने पूर्ण रविवारातला हा एक तास सगळ्यात जास्त शिकवणारा.

हे झालं की व्हीआयपीमधलं पीसीए वापरा. त्यात एका मीडियनच्या जागी स्पेकलचे बरेच नमुने शिकून वजा केले जातात. नमुने पाचपासून सुरू करून वाढवत जा, पार्श्वभूमी स्वच्छ होत जाते, मग एका टप्प्यानंतर ग्रहच फिका पडायला लागतो, तिथे थांबायचं.

एक मात्र एका रात्रीच्या डेटातून कधीच सिद्ध होत नाही, ते म्हणजे ठिपका त्या ताऱ्याचाच आहे की मागे लांबवर असलेला भलताच तारा. २०१६ मध्ये एचडी १३१३९९ या ताऱ्याभोवती ग्रह सापडल्याचं जाहीर झालं, २०१७ मध्ये तो मागचा तारा निघाला. फोमलहॉट ताऱ्याचा ग्रह म्हणून फोमलहॉट बी तर २००८ मध्ये हबलच्या फोटोंनी जगभर गाजला, पण पुढे तो पसरत आणि विरत गेला आणि २०२० मध्ये अभ्यासकांनी दाखवलं की ते बहुधा टकरीतून उडालेल्या धुळीचं ढगुळं असावं. आपला बीटा पिक्टोरिस बी या परीक्षेतून गेलाय. २००३ च्या फोटोंतला ठिपका २००८ मध्ये जाहीर झाला, मधल्या काळात तो ताऱ्याच्या इतका जवळ गेला की दिसेना, शोधणाऱ्यांना थांबावं लागलं, आणि २००९ च्या शेवटी तो ताऱ्याच्या दुसऱ्या बाजूने बाहेर आला. फिरतोय हे नजरेने दिसलं. तुमच्या फोटोत तो आहे तो त्या दुसऱ्या बाजूचा.

पाऊस ओसरल्यावर स्वतःच्या दुर्बिणीने ग्रह मिळणार नाही हे स्पष्ट सांगतो, पण झाकून बघण्याचं तंत्र करता येतं. गोळ्यांच्या पाकिटाच्या फॉइलची सरळ कडेची पट्टी कापून आयपीसच्या आत, जिथे दृश्याची गोल कडा स्पष्ट दिसते त्या कड्यावर चिकटवा, भिंगाला हात न लावता. पट्टीची कडा फोकसमध्ये दिसली पाहिजे. मग व्याध पट्टीमागे लपवा आणि त्याचा जोडीदार व्याध बी शोधा, जो त्याच्यापेक्षा जवळपास दहा हजार पट मंद आहे आणि सध्या साधारण ११ आर्कसेकंदांवर आहे. युरोपातल्या लोकांना व्याध क्षितिजाजवळ मिळतो, आपल्याला पुण्यातून तो ५५ अंश वर मिळतो, हा मोठा फायदा. तरी हवा स्थिर लागते. स्लॅब दिवसभर तापलेला असतो, त्यामुळे मध्यरात्रीच्या सुमारास बघा आणि दुर्बीण तासभर आधी बाहेर काढून ठेवा. मला तो आजवर दोनदाच दिसलाय, दोन्ही वेळा जानेवारीत.

आणि बीटा पिक्टोरिस तारा तर नुसत्या डोळ्यांनी दिसतो. फेब्रुवारीच्या सुरुवातीला रात्री साडेनऊ-दहाच्या सुमारास दक्षिणेला तोंड करा, व्याधाच्या बरंच खाली जो ठळक तारा तो अगस्ती. हात लांब करून तीन बोटं आडवी धरा, अगस्तीच्या उजवीकडे तेवढ्याहून किंचित जास्त अंतरावर आणि जरा वर एक फिकट तारा आहे, क्षितिजापासून वीस अंश. शहरातून लहान जोड-दुर्बिणीने, म्हणजे बायनॉक्युलरने सापडेल, पानशेत-वेल्ह्याकडे गेलात तर त्याशिवायही. लॅपटॉपवर काढलेलं चित्र छापून बरोबर न्या. चित्रातली दिशा आकाशातल्या उत्तरेशी जुळवून धरा, तुमच्या पाठीमागे ध्रुव आहे, म्हणजे चित्राची वरची बाजू सरळ वर. ग्रह तेव्हा, त्या फोटोच्या रात्री, खाली उजवीकडे होता.